खातंय म्हंजे बरं हाय

सखुबाईच्या हाताला कळतं, असं सिन्नर रोडच्या त्या सगळ्या मळ्यांमध्ये म्हणत. तान्हं पोर रडायचं थांबेना झालं की आया आधी घरचे उपाय करत, मग शेजारणीचे, आणि शेवटी पोराला काखोटीला मारून सखुबाईच्या ओट्यावर येत. ती पोराच्या पोटाला हाताची पाठ लावी, मग टाळूला, मग तळपायाला, आणि सांगून टाकी: भुकेलंय. किंवा तापलंय. किंवा याला काही धाड भरली नाही, तुझंच डोकं तापलंय, त्याला खाली ठेव आणि तू तांब्याभर पाणी पी. तिचा अंदाज कधी चुकला असं कुणी सांगत नसे. चुकला असता तरी सांगायची छाती कुणाची होती? सखुबाईचं तोंडही हाताइतकंच तयार होतं.

नवरा भिमाजी गेल्यापासून शेत मुलाच्या, रंगनाथच्या हातात होतं आणि स्वयंपाकघर सुनेच्या, प्रतिभाच्या. त्याबद्दल सखुबाईची तक्रार नव्हती. पण दारातल्या जित्या जीवाला काय हवं, काय नको, यात शेवटचा शब्द तिचा असे. गाय वैरण का खात नाही, वासराला पाजायचं की त्याचं दूध तोडायचं, हे रंगनाथ आईला विचारी. नवसाची नात, आरोही, झाली तेव्हा प्रतिभानं तिला पहिल्या दिवसापासून सासूच्या मांडीवर दिलं होतं. म्हातारपणी माणसाला दुसरं काय लागतं? कुणीतरी विचारावं, आणि आपल्याला सांगता यावं.

रंगनाथनं द्राक्षाची बाग मोडून पोल्ट्रीची शेड उभी केली तेव्हा सखुबाई पोट धरून हसली होती. कंपनी पिल्लं देणार, खाद्य देणार, औषध देणार, आणि यानं फक्त वाढवून परत द्यायची. "पावण्यासाठी कापायची कोंबडी, अन् तिला पंखे लावायचे?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. तिच्या स्वतःच्या सात-आठ गावरान कोंबड्या अंगणात हिंडत. त्यांना कुणी पंखा लावला नव्हता आणि त्या काही मेल्या नव्हत्या.

पण थंडीत पहिली पिल्लं आली आणि सखुबाईचं हसू थांबलं. एवढीशी पिवळी पिल्लं घोटीहून आणलेल्या भाताच्या तुसावर ओतली, आणि कंपनीचे यादव डॉक्टर रंगनाथला समजावू लागले की या पिल्लांना अजून स्वतःची ऊब धरता येत नाही. अंग किती गरम ठेवायचं हे मेंदू ठरवतो, आणि यांचा मेंदू ते अजून शिकायचाय, तोवर ऊब बाहेरून द्यायची. सखुबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला यात नवं काही वाटलं नाही. सातव्या महिन्यात जन्मलेली पोरं तिनं कापसात गुंडाळून जगवली होती. दुसऱ्या दिवशी ती आत गेली, पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढलेली पाहिली आणि म्हणाली, गारठलीत. तिसऱ्या दिवशी कडेला पांगलेली पाहिली आणि म्हणाली, दिवा वर घे. रंगनाथ थर्मामीटर बघायचाच बंद झाला. दर बॅचला तो आईला विचारी, आणि बॅच नीट निघे. पुढच्या सगळ्याचं मूळ शोधायचं तर ते इथंच सापडेल, पण पीक चांगलं आलं असताना मुळं कोण उकरून बघतं.

दोन हजार चारचा उन्हाळा आला. डॉक्टरांनी रंगनाथला बजावलं की आता सकाळी दहाला खाद्याची भांडी वर ओढायची आणि ऊन उतरेपर्यंत खाली सोडायची नाहीत. शेडमध्ये भांड्यांच्या ओळी दोऱ्यांवर टांगलेल्या होत्या. एक दोरी ओढली की अख्खी ओळ वर जाई. रंगनाथनं आईला एवढंच सांगितलं की दहाला भांडी वर, डॉक्टरांचं सांगणं आहे. का, ते त्यानं सांगितलं नाही. त्याला स्वतःला ते अर्धंच कळलं होतं, आणि आईपुढे अर्धं कळलेलं बोलायची सोय नव्हती.

सखुबाईला ते पटलं नाही. त्या घरात एक रीत होती, तिच्या सासूनं घालून दिलेली: आधी दावणीला आणि दारात घालायचं, मग आपण ताटावर बसायचं. मुक्या जीवाला उपाशी ठेवून आपण भाकरी मोडली तर ती अंगी लागत नाही. शेड झाल्यापासून सखुबाईच्या हिशोबानं शेडही दारातच आली होती. तरी ती रंगनाथसमोर गप्प राहिली, कारण दुपारी शेडकडे तोच बघत असे.

मे महिन्यात प्रतिभाच्या भावाचं घोटीला लग्न निघालं. बहीण आणि मेहुणा नाही म्हणजे नाक कापल्यासारखं. पक्षी महिन्यावर वाढले होते, दोन-चार दिवसांत गाडी भरायला येणार होती, आणि ऊन असं पडलं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. रंगनाथ कुणाला शेडवर बसवावं या विचारात होता तर सखुबाईच त्याच्यावर उखडली. "मी काय मेलीय का? जा तुम्ही. पोर सांभाळून न्या, म्हंजे झालं." रंगनाथनं पुन्हा सगळं सांगितलं, भांडी, पाणी, पडदे, पत्र्यावरची गोणपाटं ओली ठेवायची. ती हो हो म्हणत राहिली. तिघं सकाळच्या जीपनं गेले.

दहाला तिनं भांडी वर ओढली. सांगितल्याप्रमाणे केलं नाही असं तिच्याबद्दल कुणाला म्हणता येणार नाही. बाराच्या सुमाराला लाईट गेली आणि पंखे थांबले. मोटार चालेना म्हणून सखुबाई टाकीतून बादल्या भरून शिडीवरून गोणपाटावर ओतू लागली. त्या वयात आणि त्या उन्हात तिनं किती बादल्या ओतल्या ते तिचं तिला माहीत. मग पिण्याची भांडी बघायला ती आत शिरली, आणि पक्षी उठून तिच्याकडे धावले.

सगळ्यांच्या चोची उघड्या होत्या आणि गळे धडधडत होते. पण ते पाण्यापाशी थांबेनात. ते तिच्या पायांवर चढले, चपलेवर टोचू लागले, लुगड्याचा काठ ओढू लागले. जे हलत नव्हते ते मान वर करून लोंबणाऱ्या भांड्यांकडे बघत होते. सखुबाई तिथून निघाली आणि ओट्यावर येऊन भाकरी घेऊन बसली. पहिला घास तोंडापर्यंत गेला आणि परत आला. एवढे जीव आत भुकेनं टाचा घासतायत आणि मी इथं बसून गिळू? तिला ते जमेना. तिनं ताट झाकून ठेवलं.

आता ती नुसती मायेनं वेडी होऊन उठली असं नाही. तिनं विचार केला, आणि तोच विचार वैरी निघाला. अंगणात लिंबाच्या झुडपाखाली तिच्या गावरान कोंबड्या पंख अंगापासून सोडून, चोच वासून बसल्या होत्या. सकाळी टाकलेली बाजरी त्यांच्यापुढे तशीच पडली होती. एकीनंही दाणा उचलला नव्हता. सखुबाईनं जन्मभर हेच पाहिलं होतं. उन्हानं बेजार झालेलं पाखरू दाण्याला तोंड लावत नाही. तापलेलं पोर स्तनाला तोंड लावत नाही, तापलेली गाय वैरण हुंगून सोडते. देवानं प्रत्येकाच्या आत ते ठेवलंय. मग या शेडमधल्या पाखरांना खरंच ऊन लागलं असतं तर त्यांनी खाल्लं असतं का? डॉक्टर तर अजून मिसरूड न फुटलेला पोरगा, त्याला पुस्तकात कुठं भूक दिसणार. सखुबाईनं ठरवलं की विचारून बघायचं, आणि पाखरालाच विचारायचं.

ती आत गेली आणि एकच ओळ खाली सोडली. भांडी जमिनीला टेकायच्या आत पक्षी त्यांच्यावर तुटून पडले. एकमेकांच्या पाठीवर चढून, माना भांड्यात घालून ते खात सुटले. सखुबाईला उगाच भरून आलं. तिच्या शेजारचे रावजी बांधावरून चालले होते, त्यांनी विचारलं काय चाललंय, तर ती म्हणाली, "काय नाय. खातंय म्हंजे बरं हाय." मग तिनं बाकीच्या सगळ्या ओळी खाली सोडल्या. ओट्यावर येऊन तिनं ताट उघडलं, कांद्याशी भाकरी खाल्ली, आणि पोट भरल्यावर भिंतीला पाठ लावून डोळे मिटले.

ती उठली ती शेड गप्प झाली म्हणून. महिनाभराची बॅच कधी गप्प नसते. सखुबाई पदर सावरत आत गेली. भांड्यांच्या भोवतीनं पक्षी पाय मागे ताणून पडले होते. काही अजून गळा धडधडवत होते, पण डोळे मिटत चालले होते. तिनं जवळचा एक उचलला आणि सवयीनं हाताची पाठ त्याच्या पोटाला लावली. हात तिनं चटकन मागे घेतला, एवढं ते अंग तापलं होतं. गळ्याखालची पिशवी खाद्यानं टच्च भरलेली होती. पक्षी तिच्या हातातच लुळा पडला.

मग तिनं काय नाही केलं. भांडी वर ओढली, बादल्या आणून पक्ष्यांवर ओतल्या, दोन दोन उचलून बाहेर सावलीत नेऊन ठेवले. रावजी तिचा आवाज ऐकून धावत आले आणि त्यांनीही उचलायला हात लावला. ओले पक्षी सावलीत मरत होते आणि कोरडे शेडमध्ये. जे वजनानं थोराड, ज्यांनी मुसंडी मारून आधी खाल्लं होतं, ते आधी गेले. लिंबाखालच्या गावरान कोंबड्या ऊन उतरल्यावर उठल्या, अंग झटकून बाजरी टिपू लागल्या. सखुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना दगड मारून हाकललं.

रावजींनी रंगनाथला फोन लावला. दिवेलागणीच्या आत तो आला, मागोमाग लेकीला छातीशी धरून प्रतिभा. रंगनाथ शेडच्या दारातून आत गेला, भांड्यांकडे बघून बाहेर आला, आणि एक शब्द बोलला नाही. सखुबाई त्याच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादव डॉक्टर आले. शेडच्या कडेला गोणपाट अंथरून त्यांनी एक मेलेला पक्षी फाडला. छातीचं मांस फिकट पांढरं होतं, उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं. त्यांनी गळ्याखालची पिशवी कापली आणि खाद्याचा लगदा बाहेर आला. त्यांनी रंगनाथकडे न बघता विचारलं की भांडी किती वाजता उचलली होती. रंगनाथ म्हणाला, दहाला. लाईट गेली, पंखे बंद पडले, म्हणून झालं. सकाळी दहाचं खाद्य पिशवीत एवढं राहत नाही हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि रंगनाथलाही. डॉक्टर काही लिहू लागले.

"मी सोडली भांडी," सखुबाई म्हणाली. "दुपारी. माझ्या हातानं."

रंगनाथनं "आई, आई" म्हणत तिला अडवायला पाहिलं, पण तिनं त्याला हातानंच गप्प केलं. तिला उत्तर डॉक्टरांकडून हवं होतं. तिनं त्यांना सगळं सांगितलं, लिंबाखालच्या कोंबड्यांचं, न टिपलेल्या बाजरीचं, आणि विचारलं की मग यांनी का खाल्लं.

डॉक्टर वयानं लहान होता पण माणूस वाईट नव्हता. तो ओरडला नाही, त्यानं हात धुतले आणि म्हातारीसमोर उकिडवा बसून सांगायला लागला. पक्ष्याच्या मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढीही नाही अशी एक जागा असते. भूक लागली हे तीच सांगते, पोट भरलं हे तीच सांगते, आणि अंग तापलंय हेही तिथंच शेजारी कळतं. खाल्लेलं पचवायला अंग आणखी तापतं, म्हणून शहाणा मेंदू उन्हात तोंड बंद करायला लावतो. तिच्या गावरान कोंबड्यांचा मेंदू तेच करत होता. पण हे पक्षी लवकर वाढावेत म्हणून पिढ्यान् पिढ्या जे जास्त खातात तेच निवडून ठेवले, कमी खाणारे काढून टाकले. उन्हात यांचीही भूक थोडी मरते, पण त्यांना दहापासून उपाशी ठेवलेलं, आणि समोर एकदम भरलेली भांडी आली. मग त्यांना थांबता आलं नाही.

"म्हंजे त्यांना कळत नव्हतं?" सखुबाईनं विचारलं.

"पुरे म्हणायची जागाच माणसानं बोथट केलीय, आजी. ते मरेपर्यंत खातात. म्हणून भांडी आपण उचलायची असतात."

सखुबाईनं मान हलवली. तिला सगळं समजलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट समजल्याचं तिला दुःख झालं. जन्मभर तिनं जिवाला विचारलं होतं आणि जिवानं खरं सांगितलं होतं. आता असे जीव निघाले होते की ज्यांना स्वतःचंच कळत नव्हतं, आणि ती त्यांना विचारायला गेली होती.

शेताच्या टोकाला खड्डा खणून, चुना टाकून पक्षी पुरले. वास आठवडाभर गेला नाही. रंगनाथ विचारेल त्याला सांगत राहिला की लाईटनं घात केला, पण रावजींनी बांधावर ऐकलेलं वाक्य मळ्यामळ्यांतून फिरलं होतं. लोक काय, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे. कुणाच्या ताटात कोंबडी पडली की दुसरा हसून म्हणे, खातंय म्हंजे बरं हाय. पावसाळ्यात पलीकडच्या मळ्यातल्या गोजराबाईची सून रडतं पोर घेऊन ओट्यावर आली, तेव्हा सखुबाईनं त्याला हात न लावता सांगितलं, दवाखान्यात ने. सून गोंधळली आणि गेली. नंतर कुणी आलं नाही.

घरात कुणी तिला बोललं नाही. प्रतिभा तर आधीपेक्षा गोड वागू लागली. ती आरोहीला स्वतः न्हाऊ घालू लागली आणि म्हणे, आई, तुम्ही दमला असाल. पोर रडायला लागलं की ती चुलीवरचं टाकून धावत येई, आणि सासूच्या मांडीवरून उचलताना हसून काहीतरी बोले. सखुबाईला ते हसणं शिवीपेक्षा लागे. पण सुनेचा दोष काढायला तिच्यापाशी जागा नव्हती, कारण तिच्या जागी ती असती तर तिनंही पोर उचललं असतं.

ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि टोमॅटो तोडणीला आले. बाया मिळेनात, म्हणून प्रतिभालाही शेतात उतरावं लागलं. आरोही आठ महिन्यांची, घरात झोळीत निजलेली. प्रतिभानं वाटीत मऊ भात कालवून झाकून ठेवला आणि दोनदा सांगितलं, उठली की भरवा, रडायची थांबली नाही तर हाक मारा, मी बांधावरच आहे. सखुबाई हो म्हणाली. पोर तिच्यावर सोपवून जायची ती मे महिन्यानंतरची पहिलीच वेळ होती, हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि सखुबाई प्रतिभा दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहिली.

पोर उठलं ते रडतच उठलं. तोंड लाल झालेलं, केस घामानं कपाळाला चिकटलेले. सखुबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि वाटीतला घास तोंडाला लावला. पोरीनं तोंड वासून घास घेतला, आणि गिळायच्या आत दुसऱ्यासाठी वाटीवर झेप घेतली. दुसराही तसाच गेला. तिसऱ्या घासाला सखुबाईचा हात थांबला.

तिनं हाताची पाठ पोरीच्या पोटाला लावली. पोट ऊन लागलं. टाळूला लावली, तीही ऊन. तळपाय ऊन, झोळी ऊन, भिंत ऊन, तिचा स्वतःचा हात ऊन. भुकेलीय का तापलीय, हे चाळीस वर्षं ज्या हातानं बोलायच्या आत सांगितलं, तो हात त्या दिवशी काही सांगेना. पोर वाटीसाठी आकांत करत होतं. खातेय, एवढंच दिसत होतं, आणि त्याच्यावर आता तिचा विश्वास उरला नव्हता. सखुबाईनं वाटी उचलून वरच्या फळीवर ठेवली, रडतं पोर तसंच काखोटीला मारलं आणि उन्हातून बांधापर्यंत गेली.

प्रतिभा हातातली पाटी टाकून पळत आली. तिनं पोरीला घेतलं, गालाला गाल लावला आणि म्हणाली, "काही नाही, भूक लागलीय हिला." घरी येऊन तिनं वाटी शोधली, फळीवरून काढली आणि पोरीला भरवायला बसली. आरोहीनं मुकाट्यानं सगळी वाटी संपवली, मग आईच्या पदराशी खेळू लागली. वाटी वर कशी गेली, असं प्रतिभानं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मला नाय कळलं," सखुबाई म्हणाली.

सखुबाई उठली, झोळीच्या गाठी तिनं एकेक करून सोडल्या, झोळीच्या लुगड्याची घडी घातली आणि सुनेपुढे धरली. "उद्यापासून हिला तुझ्यासंगं शेतात नेत जा. बांधावरच्या निंबाला बांध झोळी." एवढं बोलून ती थांबली. नको आई, असू द्या घरातच, असं प्रतिभा म्हणेल म्हणून ती थांबली होती.

प्रतिभानं घडी घेतली.